विंगरची दुसरी फळी कशी जोखावी

हंगाम तोंडावर आला की क्लब खेळाडूंची यादी जाहीर करतात आणि चाहते नावं मोजायला बसतात. ‘यंदा आपल्याकडे सहा विंगर आहेत, काळजी नको,’ हे वाक्य सिंगापूरमध्ये हॉकर सेंटरच्या टेबलावर दर वर्षी कानी पडतं. पुढे फेब्रुवारी उजाडतो. एकाचा स्नायू ताणलेला असतो, एक लष्करी सेवेत गेलेला असतो, एक राष्ट्रीय संघातून थकून परतलेला असतो, आणि प्रशिक्षकावर बचावपटूला पुढे ढकलून बगल सांभाळण्याची वेळ येते. सहा नावांतून खेळायला प्रत्यक्ष किती माणसं मिळणार, याचा अंदाज हंगामाआधीच बांधता येतो. त्याला गुप्त माहिती लागत नाही. कागद, पेन्सिल, वेळापत्रक आणि दोन-तीन सराव सामने पाहण्याची तयारी एवढं पुरतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये हे काम क्लब स्वतःच करून देतात. तिथे कडेने धावत जाऊन लांबवर फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. एनएफएलचा संघ सराव शिबिरात ९० खेळाडू ठेवू शकतो. ऑगस्टअखेर ते ५३ वर आणावे लागतात आणि त्यात वाइड रिसीव्हर बहुधा पाच किंवा सहाच उरतात. प्रत्येक जागेवर पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण याचा तक्ता क्लब प्रसिद्ध करतो. आपल्या फुटबॉलमध्ये असा तक्ता कुणी छापत नाही. तो आपणच आखायचा असतो, आणि तो आखताना खेळ जितका कळतो तितका गुणतक्ता वाचून कळत नाही.

उदाहरणासाठी मी लायन सिटी सेलर्स हा क्लब घेतो. पूर्वी पोलिसांचा संघ, मग होम युनायटेड, आणि २०२० मध्ये सी ग्रुपने ताब्यात घेतल्यावर सिंगापूरमधला पहिला खासगी मालकीचा फुटबॉल क्लब, असा त्याचा प्रवास आहे. २०२४-२५ च्या हंगामात त्यांनी सिंगापूर प्रीमियर लीग आणि सिंगापूर कप दोन्ही जिंकले. शिवाय एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. १८ मे २०२५ रोजी बिशान स्टेडियममध्ये शारजा क्लबविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात सेलर्स एका गोलने मागे असताना भरपाई वेळेत बरोबरी साधली ती माक्सिम लेस्टियेन या बेल्जियन विंगरने. त्यानंतर शारजाने आणखी एक गोल करून २-१ ने चषक नेला. पण तक्ता आखणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. वयाची ३३ वर्षं पूर्ण व्हायला महिना उरलेला विंगर एवढ्या लांबलचक हंगामाच्या शेवटाकडे, नव्वद मिनिटं उलटल्यावर गोल करण्याच्या जागी पोहोचला होता. इतक्या उशिरापर्यंत पायांत बळ उरावं म्हणून हंगामभर कुणीतरी त्याच्या वाटची मिनिटं खेळलेलं असावं लागतं. शोधायचा असतो तो हा ‘कुणीतरी’.

सुरुवात नावांपासून करू नका, कामांपासून करा. विंगर हा एक शब्द असला तरी त्यात निदान तीन वेगळी कामं येतात. एक जण टचलाइनला चिकटून राहतो, बचावपटूला बाहेरून चकवतो आणि क्रॉस टाकतो. दुसरा उलट्या पायाचा असतो, म्हणजे डावखुरा असून उजवीकडे खेळणारा किंवा उजव्या पायाचा असून डावीकडे खेळणारा. तो आत वळून गोलवर फटका मारतो. मुंबई सिटी क्लबचा लालियानझुआला छांगटे हा याचा आपल्या ओळखीचा नमुना. तो डाव्या पायाचा, पण खेळतो उजव्या बगलेत. तिसरा विंगबॅक. संघ तीन बचावपटू घेऊन उतरतो तेव्हा अख्खी बाजू, हल्ला आणि बचाव दोन्ही, याच्या एकट्याच्या अंगावर असते. टचलाइनचा विंगर जखमी झाला आणि त्याच्या जागी आत वळणारा आला, तर डाव्या बचावपटूपासून सेंटर फॉरवर्डपर्यंत सगळ्यांच्या धावा बदलाव्या लागतात. नाव भरून निघतं, पण काम तसंच पडून राहतं.

म्हणून कागदावर प्रशिक्षकाची नेहमीची मांडणी काढा आणि दोन्ही बगलांत कामाचं नाव लिहा. मग खाली पहिला, दुसरा, तिसरा असे तीन रकाने पाडा. इथे एक नियम कडकपणे पाळायचा. एक नाव एकाच ठिकाणी लिहायचं. ‘हा दोन्हीकडे खेळू शकतो’ या एका वाक्याने जगभरचे तक्ते फुगलेले असतात. दोन्हीकडे खेळू शकणारा खेळाडू मौल्यवान खरा, पण एका वेळी तो एकाच बाजूला असणार. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला सलामीला पाठवता येतं म्हणून जसा संघात एक माणूस वाढत नाही, तसंच हे. हा नियम पाळला की सहा विंगरांची यादी बघता बघता चारवर येते.

आता मिनिटांचा हिशेब. माझ्या मते पद्धतीतला सगळ्यात उपयोगी भाग हाच, म्हणून जरा सावकाश करू.

२०२४-२५ मध्ये सिंगापूर प्रीमियर लीगमध्ये नऊ संघ होते आणि प्रत्येक संघ इतरांशी चार वेळा खेळला, म्हणजे ३२ सामने. सेलर्सने त्यावर चॅम्पियन्स लीग टूमध्ये गटातले सहा, बाद फेऱ्यांचे प्रत्येकी दोन असे सहा आणि अंतिम सामना धरून १३ सामने खेळले. दक्षिण-पूर्व आशियाई क्लबांच्या स्पर्धेतले गटाचे पाच सामने वेगळे. झाले ५०, आणि सिंगापूर कप अजून धरलेलाच नाही. ५० सामने गुणिले ९० मिनिटं म्हणजे एका बगलेची ४,५०० मिनिटं, दोन्ही बगलांची ९,०००.

एक चांगला विंगर यातली किती मिनिटं खेळेल? बगलेतला खेळाडू वारंवार पूर्ण वेगाने धावतो, त्यामुळे तो सहसा शेवटपर्यंत मैदानात राहत नाही. पाच बदली खेळाडूंचा नियम आल्यापासून बाहेर येणाऱ्यांत विंगर हमखास असतो. सरासरी ७० मिनिटं धरा. दुखापत, निलंबन, विश्रांती वजा जाता ५० पैकी ३५ सामन्यांत तो खेळला असं माना. आठवड्यात दोन सामने असताना हा अंदाज कंजूष नाही. ३५ गुणिले ७० म्हणजे २,४५० मिनिटं. ९,००० ला २,४५० ने भागा. उत्तर साडेतीनच्या वर येतं. म्हणजे दोन बगलांसाठी पहिल्या दर्जाच्या जवळ जाणारे चार विंगर लागतात, आणि चौथा केवळ सरावाला आणलेला पोरगा असून चालत नाही, कारण त्याच्या वाट्यालाही दीड हजारांहून जास्त मिनिटं येणार.

फक्त लीग खेळणाऱ्या संघाचं गणित वेगळं पडतं. ३२ सामन्यांची दोन बगलांची मिनिटं ५,७६०. आठवड्याला एकच सामना असल्याने विंगर २७ सामने खेळेल आणि सरासरी ८० मिनिटं टिकेल असं धरायला हरकत नाही. म्हणजे २,१६० मिनिटं. भागाकार पावणेतीनच्या आत येतो. तीन बरे विंगर असले की हंगाम निभावतो. म्हणून दोन क्लबांच्या याद्या शेजारी ठेवून ‘यांच्याकडे जास्त आहेत’ असं म्हणण्यात अर्थ नसतो. आधी विचारायचं, यांना खेळायचं किती आहे? तुमच्या संघाचे सामने बदलले की आकडे बदला, रीत तीच राहते.

यानंतर वजाबाकी. दुखापतींमध्ये विंगरच्या मांडीच्या मागच्या स्नायूकडे, म्हणजे हॅमस्ट्रिंगकडे, सगळ्यात आधी बघा. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींचा यूएफासाठी चालणारा दीर्घ अभ्यास सांगतो की एकूण दुखापतींमध्ये हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला. खेळाचा वेग वाढत गेला आणि वेगाने धावणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते. एकदा ताणलेला स्नायू पुन्हा ताणला जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणून मागच्या हंगामात ज्याला ही दुखापत झाली होती त्याच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करा. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला खेळाडू साधारण नऊ महिने बाहेर धरा. ‘लवकरच परतणार’ अशी बातमी असली तरी पहिल्या तीन महिन्यांत त्याला तक्त्यात घेऊ नका.

राष्ट्रीय संघाची वजाबाकी सिंगापूरमध्ये आता जड झाली आहे, आणि याचं मला मनापासून कौतुक वाटतं. १८ नोव्हेंबर २०२५ ला हाँगकाँगला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून सिंगापूरने आशिया चषकात पहिल्यांदाच पात्रता फेरीतून जागा मिळवली. त्यातला एक गोल शवाल अन्वरचा, जो सेलर्ससाठी बगलेतूनही खेळतो. त्याआधी महिनाभर, १४ ऑक्टोबरला, मडगावच्या फातोर्ड्यात सिंगापूरने भारताला २-१ ने हरवलं होतं. भारताचा गोल छांगटेचा होता आणि सिंगापूरचे दोन्ही सोंग उइ-योंगचे. गोव्यातल्या त्या संध्याकाळी आपल्यापैकी अनेकांचं मन दोन्हीकडे ओढलं गेलं असेल. पण तक्त्याच्या दृष्टीने अर्थ असा की २०२६-२७ च्या हंगामात सिंगापूरचे उत्तम विंगर जानेवारी-फेब्रुवारी २०२७ मध्ये सौदी अरेबियात आशिया चषक खेळत असतील. त्या काळात लीग थांबली तरी खेळाडूचे पाय थांबत नाहीत. तो परततो तेव्हा क्लबच्या हंगामाचा कठीण भाग सुरू असतो.

आता सिंगापूरची खास वजाबाकी. इथल्या नागरिक मुलांना आणि कायम रहिवासी कुटुंबांतल्या दुसऱ्या पिढीच्या मुलांना दोन वर्षांची पूर्णवेळ राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे. बहुतेक मुलं १८ ते २० या वयात भरती होतात. सुरुवातीचं मूलभूत लष्करी प्रशिक्षण साधारण नऊ आठवड्यांचं असतं, अनेकांचं पुलाव तेकोंग बेटावर. त्या काळात क्लबचा सराव बाजूलाच पडतो. पुढे कोणतं युनिट मिळतं यावर सगळं ठरतं. काहींना संध्याकाळी सरावाला येता येतं, काहींना नाही. सेवा लांबणीवर टाकणं फार अवघड असतं. २०१८ मध्ये फुलहॅमशी व्यावसायिक करार करणाऱ्या बेन डेव्हिसलाही संरक्षण मंत्रालयाने मुदत नाकारली होती. पूर्णवेळ सेवा संपल्यावर पुढची वर्षं राखीव सैनिक म्हणून बोलावणं येत राहतं ते वेगळंच.

विंगरसाठी ही दोन वर्षं इतर जागांपेक्षा महाग पडतात, असं माझं ठाम मत आहे. गोलरक्षक किंवा सेंट्रल बचावपटू पंचविशीनंतर पिकतो. विंगरचा पहिला वेग मात्र १८ ते २१ या वयात असतो, आणि तो वेग सामन्यात कुठे वापरायचा हे शिकण्याचंही वय तेच. म्हणून इथल्या क्लबच्या तक्त्यात तिसऱ्या रकान्यात १९ वर्षांचं नाव दिसलं की त्यापुढे भरतीचा महिना लिहा, आणि भरती झालेला असेल तर सुटकेचा. सिंगापूरची मुलं त्या तारखेला ‘ओआरडी’ म्हणतात आणि क्लबचे लोकही नवा करार करताना तीच विचारतात. सप्टेंबरात सुटणारा मुलगा ऑगस्टच्या यादीत नसला तरी नोव्हेंबरात तुमचा तिसरा विंगर होऊ शकतो. उलट ऑगस्टच्या सराव सामन्यात चमकलेला मुलगा डिसेंबरात तेकोंगवर असू शकतो. फुटबॉल संघटनेचा यंग लायन्स हा तरुणांचा संघ २००३ पासून लीगमध्ये खेळतो. त्याच्या बगलांवर नजर ठेवली तर पुढच्या दोन हंगामांचे तक्ते आधीच दिसू लागतात.

परदेशी खेळाडूंचा नियम थोडक्यात. देशांतर्गत लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते आणि ती अधूनमधून बदलते, म्हणून त्या वर्षीचा नियम वाचूनच बसा. एएफसीने आपल्या वरच्या दोन क्लब स्पर्धांतून ही मर्यादा २०२४-२५ पासून काढून टाकली. त्यामुळे सेलर्ससारख्या क्लबचे दोन तक्ते करावे लागतात, एक लीगचा आणि एक आशियाई सामन्यांचा. दोन्ही बगलांत परदेशी विंगर असलेला संघ आशियात भक्कम दिसतो आणि लीगमध्ये बाकावर नजर टाकली की उघडा पडतो. कोरियात जन्मून होम युनायटेडमध्ये वाढलेला आणि २०२१ मध्ये सिंगापूरचा नागरिक झालेला सोंग म्हणूनच दुप्पट मोलाचा. तो मुळात विंगर नाही, पण त्याच्यामुळे परदेशी कोट्यातली एक जागा बगलेसाठी मोकळी होते.

कागदाचं काम झालं. आता मैदान. सराव सामन्याला जाल तेव्हा मुख्य स्टँडच्या मधोमध न बसता ज्या बगलेचा तक्ता आखताय त्या बाजूला, टचलाइनच्या जवळ बसा. सेरंगून रोडवरची खरेदी उरकून चालत जाता येईल असं जालान बेसार स्टेडियम यासाठी फार चांगलं. तिथे स्टँड मैदानाला खेटून आहे. बिशानला मध्ये धावण्याचा ट्रॅक येतो, तिथे दुर्बीण कामी येते. जालान बेसार आणि टॅम्पिनिस हबची मैदानं कृत्रिम गवताची आहेत. त्यावर चेंडू वेगाने सरकतो आणि वेगवान विंगर आहे त्यापेक्षा चांगला भासतो, हे मनात ठेवा.

मग एक विंगर निवडा आणि दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, त्याच्याकडेच बघा. चेंडू दुसऱ्या बगलेत आहे. हा काय करतो? कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, की बचावपटूच्या नजरेआड आत सरकतो? पास येण्याआधी तो मान वळवून खांद्यामागे बघतो का? पास येतो तेव्हा अंग अर्धं गोलकडे उघडं असतं, की पाठ फिरवून चेंडू परत मागे देतो? मग चेंडू हिरावला जातो. पुढचे तीन सेकंद फार बोलके असतात. चांगला विंगर हळहळत थांबत नाही. तो लगेच वळून आपल्या बचावपटूकडे पळतो. तो पळतोय की नाही हे त्या बचावपटूच्या हातांवरूनही कळतं. मागचा बचावपटू सारखे हात हलवून त्याला बोलावत असेल, तर त्या बगलेत एक माणूस कमी आहे असं समजा.

हेच सगळं ६० व्या मिनिटानंतर पुन्हा बघा. सिंगापूरची दमट हवा रात्रीही सैल पडत नाही. जर्सी अंगाला चिकटलेली असते, पाण्यासाठी थांबायची वेळ येते, आणि विंगरच्या परतीच्या धावा आखूड होऊ लागतात. त्या कुणाच्या, कोणत्या मिनिटाला आखूड झाल्या ते लिहून ठेवा. खेळाडू निवडताना याहून उपयोगी नोंद मला माहीत नाही.

सराव सामन्यातल्या गोलांना मात्र फार वजन देऊ नका. अशा सामन्यांत प्रशिक्षक मध्यंतरानंतर बहुतेक संघ बदलतो. दुसऱ्या फळीचा विंगर दुसऱ्या फळीच्या मिडफिल्डरसोबत, थकलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध खेळतो. त्याने दोन गोल केले तरी खरा प्रश्न बाकीच राहतो. पहिल्या अकरातल्या दहा जणांबरोबर तो उभा राहिला तर संघाचा खेळ किती घसरेल? म्हणून दुसऱ्या रकान्यातल्याला पहिल्या संघासोबत वीस मिनिटं मिळालेला सामना शोधा आणि तोच मन लावून बघा. राष्ट्रीय संघाचे विंगर जुलै-ऑगस्टमध्ये स्पर्धेला गेले असतील, तर अशी संधी दुसऱ्या फळीला हमखास मिळते.

बदली विंगर पहिल्यासारखाच हवा असंही नाही. मुंबई सिटीकडे उजवीकडे छांगटे आणि डावीकडे बिपिन सिंग असे दोन वेगळ्या घडणीचे विंगर काही हंगाम होते. बिपिनने १३ मार्च २०२१ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला विजयी गोल केला आणि ४ मे २०२४ च्या अंतिम सामन्यातही गोल केला. दोन्ही वेळा समोर कोलकात्याचा मोहन बागान होता. एकाच क्लबच्या बगलेत इतकी वर्षं असं बळ टिकलं, यात यादीच्या लांबीपेक्षा प्रत्येक नावाचं काम ठरलेलं असण्याचा वाटा मोठा आहे.

हा सगळा तक्ता मांडल्यावर सिंगापूरबद्दल माझं मत असं होतं की इथल्या क्लबांची पहिली जोडी बहुधा चांगली असते. पैसा आणि लक्ष तिथेच जातं. कमी पडतो तो तिसरा विंगर, सेवा पूर्ण केलेला, तेवीस-चोवीस वर्षांचा, लीग आणि आशिया दोन्ही तक्त्यांत बसणारा स्थानिक मुलगा. आणखी एक महागडा परदेशी विंगर आणण्याआधी क्लबने अशा एका मुलाला दोन वर्षांचा करार द्यावा आणि त्याला हंगामात दीड हजार मिनिटं खेळवावं. सिंगापूरमधल्या अनेक मराठी घरांतली मुलं अकादमीत बगलेत खेळतात आणि तीही याच वाटेने जाणार आहेत. तेव्हा यंदाच्या सराव सामन्यांना मुलांना घेऊन जा, टचलाइनच्या बाजूला बसा आणि तक्ता त्यांच्याकडूनच भरून घ्या.